पन्नास पिलांचं घरगुती ब्रूडर: खान्देशातल्या थंडीला पुरेल आणि उन्हातही चालेल असं

कोंबडीखाली निघालेल्या पिलांना थंडी वाजली की ती आईच्या पंखाखाली शिरतात आणि ऊब पुरे झाली की बाहेर येऊन दाणे टिपतात. हॅचरीतून, म्हणजे यंत्राने अंडी उबवतात तिथून, खोक्यात आलेल्या पिलांना ही सोय नसते. अंगावर नुसती लव, पिसं भरायला तीन-चार आठवडे, आणि तोवर अंगातली उष्णता धरून ठेवणं त्यांना जमत नाही. म्हणून ब्रूडर, म्हणजे आईच्या जागी ऊब देणारी बंदिस्त जागा, लागतं.

ब्रूडर म्हटलं की नवा माणूस आधी बल्ब आणायला धावतो. बल्ब लागतोच, पण ब्रूडर बनवताना खरी काळजी घ्यायची ती ही, की एक जागा गरम असावी आणि तिथून दोन पावलांवर थोडी थंड जागाही असावी. पिलू आपणहून सरकतं. त्याला सरकायला जागाच नसेल तर तुमचा थर्मामीटर कितीही बरोबर असो, पिलं मरतात. आपल्याकडे तर हे फारच सांभाळावं लागतं. थंडीच्या लाटेत धुळ्याकडे पहाटे पारा ५-६ अंशांवर येतो आणि त्याच दिवशी दुपारी उन्हात बसवत नाही. मे महिन्यात भुसावळ-जळगावात ४५ अंश म्हणजे नेहमीचंच. त्यामुळे ऊब देण्याइतकीच ऊब काढून घेण्याची सोय ब्रूडरमध्ये हवी.

खाली सांगितलेलं माप ५० पिलांचं आहे. गिरीराज, वनराज, कावेरी, कडकनाथ किंवा गावरान, कुठल्याही पिलांना ते चालतं. ब्रॉयलर भराभर वाढतात, त्यांना जागा याहून जास्त द्यावी लागते. पहिल्याच वेळी ५० च्या वर जाऊ नका.

पिलं कधी आणायची

माझं मत विचाराल तर संक्रांतीनंतर आणून होळीपर्यंत मोठी करावीत. रात्री थंड असतात, पण ब्रूडर त्यासाठीच आहे. हवा कोरडी असते आणि पिसं भरेपर्यंत ऊन तापायला लागलेलं नसतं. दुसरा चांगला काळ नवरात्र ते दिवाळी. पावसाळ्यात ओल फार, गादी, म्हणजे पिलांखाली पसरलेलं तूस, वाळत नाही. आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, तोंडावर पिलं आणणं नव्या माणसाने टाळावंच. ते पुढे सांगतो.

जागा

शेतातल्या शेडमध्ये जागा भरपूर असते म्हणून बरेच जण तिथेच सुरुवात करतात. पण शेतीच्या फिडरला, म्हणजे शेतीसाठीच्या वेगळ्या वीजवाहिनीला, वीज आठ-दहा तास, तीही कधी दिवसा तर कधी रात्री. पहिले तीन आठवडे पिलं गावातल्या घरी ठेवा, जिथे घरगुती मीटर आहे आणि रात्री उठून चार पावलांवर बघता येतं.

घरात मात्र एक गोष्ट कटाक्षाने पाळा. दिवाळीनंतर आपल्याकडे पुढच्या खोलीत, ओसरीवर, माळ्यावर कापूस भरलेला असतो. भाव वाढेल म्हणून तो फेब्रुवारी-मार्चपर्यंत तसाच पडून राहतो. त्या खोलीत, किंवा तिच्याशी उघड्या दाराने जोडलेल्या खोलीत, ब्रूडर लावायचं नाही. बल्ब सुटून गादीवर पडला की आग लागायला वेळ लागत नाही, आणि शेजारी कापूस असेल तर पिलांची गोष्टच सोडा. फवारणीची औषधं ठेवतो ती खोलीही नको. त्यांचा वास आपल्याला सवयीने जाणवत नाही, पिलांना बाधतो.

खोली कोरडी असावी, जमिनीतून ओल येणारी नसावी, आणि वर छताजवळ हवा खेळायला झरोका असावा. खालून, पिलांच्या उंचीवर वारा लागता कामा नये. उंदीर-घुशींची बिळं सिमेंटने बुजवा. मांजर आणि मुंगूस येत असतील तर खिडकीला अर्ध्या इंचाची जाळी मारा. एक घूस एका रात्रीत किती पिलं ओढून नेते हे सकाळी कळून उपयोग नसतो.

सामान

सपाट जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या) पत्र्याच्या दीड फूट रुंद, आठ फूट लांब अशा दोन पट्ट्या. छत्रीसाठी, म्हणजे बल्ब आत बसवून वर टांगायच्या झाकणासाठी, अडीच फूट बाय अडीच फुटाचा एक पत्रा. चिनी मातीचे चार होल्डर. साठ वॉटचे चार पिवळे बल्ब आणि दोन जास्तीचे. चांगली तांब्याची वायर. दोन स्विचचा बोर्ड. साखळी, बाइंडिंग तार. साधे दोन थर्मामीटर. बारदान, जुने पेपर, गादीसाठी तूस.

बल्बबद्दल थोडं. दुकानात गेलात की दुकानदार म्हणेल, "भाऊ, एलईडी न्या, बिल कमी येतं." बिल कमी येतं कारण एलईडी फारसा तापत नाही, आणि आपल्याला उजेड नको, तापच हवा आहे. तारेचा जुना पिवळा बल्बच मागा. सगळीकडे मिळत नाही. जळगावात गोलाणी मार्केटसारख्या ठिकाणी फिरलं की सापडतो. सापडला की चार जास्त घेऊन ठेवा. लाल उजेडाचे इन्फ्रारेड बल्ब जास्त ताप देतात, पण दीडशे-अडीचशे वॉटचा एकच बल्ब लावला आणि तो रात्री उडाला, तर सगळी ऊब एकदम जाते. म्हणून मी चार लहान बल्बांच्या बाजूने आहे.

हिशोब असा: एका पिलामागे साधारण २ वॉट धरतात, म्हणजे ५० पिलांना १०० वॉट. आपल्या डिसेंबर-जानेवारीच्या रात्रींना ते पुरत नाही, दुप्पट लागतं. चार साठचे मिळून २४० वॉट होतात. गरज नसेल तेव्हा दोन बंद ठेवायचे. संध्याकाळी गावात व्होल्टेज पडतं हेही लक्षात घ्या. २३० च्या जागी १८० व्होल्ट आले तर शंभर वॉटचा बल्ब साठ-सत्तर वॉटइतकाच ताप देतो. सगळे बल्ब चोवीस तास चालले तर दिवसाला पाऊणे सहा युनिट जळतात. प्रत्यक्षात दुपारी बंद असतात, त्यामुळे बरंच कमी येतं.

गादीला भाताचं तूस सगळ्यात चांगलं. नवापूर भागात ते सहज मिळतं, इकडे तापीकाठी राइस मिल शोधावी लागते. नाही मिळालं तर सुताराकडचे रंध्याचे छिलके आणा. आरा मशीनचा बारीक भुसा नको, पिलं तो दाणा समजून खातात. भुईमुगाची टरफलं चालतात, पण कोरडी ठणठणीत आणि थोडी कुस्करलेली. बुरशीचा जरा जरी वास आला तर फेकून द्या. ती बुरशी पिलांच्या फुप्फुसात जाते.

बांधणी

आधी छत्री. अडीच फुटी पत्र्याच्या चारही कोपऱ्यांतून तीन इंची चौकोन कापा आणि चारही बाजू तीन-तीन इंच खाली दुमडा. दोन फूट बाय दोन फुटाचं उथळ उलटं ताट तयार होतं. खालची धार आतून आणखी अर्धा इंच मुडपून घ्या, नाहीतर हात कापतो. छत्रीखाली एका पिलाला निदान ७ चौरस इंच जागा हवी; ५० पिलांना ३५० होते, आपल्याकडे साडेपाचशेच्या आसपास आहे. सगळ्यांना एकदम शिरता येतं.

छत्रीच्या आत चार होल्डर चौकोनात बसवा, कडेपासून सहा इंच आत. होल्डर चिनी मातीचेच हवेत. प्लॅस्टिकचे होल्डर चोवीस तासांच्या तापाने मऊ पडतात आणि बल्ब गळून खाली येतो. तिरक्या समोरासमोरच्या कोपऱ्यांतले दोन बल्ब एका स्विचवर, उरलेले दोन दुसऱ्या स्विचवर घ्या. तिरके जोडल्यामुळे दोनच चालू असले तरी ताप एका कोपऱ्यात साठत नाही. पत्र्यातून वायर जाते त्या भोकाला रबरी बुश लावा, आणि पत्र्याला अर्थिंग जोडा. पाण्याची भांडी, ओली गादी आणि लोखंडी पत्रा एकत्र आहेत, तेव्हा हे काम गावातल्या वायरमनकडूनच करून घ्या. त्यात काटकसर नको.

छत्री वाशाला किंवा हुकाला साखळीने टांगा, म्हणजे कडी बदलून उंची कमी-जास्त करता येते. साखळीशिवाय बाइंडिंग तारेचा वेगळा दुहेरी पीळ देऊन तो दुसऱ्या हुकाला बांधा. एक सुटलं तर दुसऱ्याने धरलं पाहिजे. वायरीवर छत्रीचा भार कधीही नको.

आता कडं, म्हणजे चिक गार्ड, पिलांभोवतीचं पत्र्याचं कुंपण. दोन्ही पट्ट्या एकमेकींवर चढवून साडेबारा फुटांचा घेर करा आणि जोडावर कपड्यांचे मोठे चिमटे किंवा नट-बोल्ट लावा. मध्ये चार फूट व्यासाचं गोल होतं, म्हणजे साडेबारा चौरस फूट. एका पिलाला पाव चौरस फूट. गोलच करा. चौकोनी खोक्यात थंडी वाजली की पिलं कोपऱ्यात गोळा होतात, एकावर एक चढतात आणि खालची गुदमरतात. पिलं वाढली की चिमटे सोडून घेर पंधरा फुटांपर्यंत सैल करता येतो, तेव्हा जागा जवळजवळ अठरा चौरस फूट होते. नवा पत्रा न आणता मिळालेली ही सोय पुढे फार कामी येते.

छत्री कड्याच्या बरोबर मध्ये असावी. तिच्या कडेपासून पत्र्यापर्यंत चारही बाजूंनी साधारण एक फुटाची मोकळी जागा राहते. तीच ती थंड जागा. दाणा-पाणीही तिथेच, छत्रीच्या काठाला.

पिलं दहा-पंधराच असतील तर एवढा खटाटोप नको. रावेर-यावलकडे केळीच्या पॅकिंगची पुठ्ठ्याची खोकी मिळतात, तशी दोन खोकी मधली भिंत कापून जोडा, चारही कोपऱ्यांत पुठ्ठ्याचे तुकडे वाकवून ते गोल करा आणि एका टोकाला साठचा एक बल्ब टांगा. बल्ब आणि पुठ्ठा यांत निदान फूटभर अंतर ठेवा. पिलांचा लॉट निघाला की खोकी जाळून टाका, पुन्हा वापरू नका.

पिलं येण्याआधीचा दिवस

खोली झाडून चुन्याचा हात द्या आणि नीट वाळू द्या. जमिनीवर दोन इंच जाड तूस पसरा, वर पेपरचे तीन-चार थर घाला. बल्बाचं टोक गादीपासून बारा ते अठरा इंचांवर ठेवून सगळे बल्ब लावा. थंडीत हे काम पिलं येण्याच्या आदल्या दिवशीच करा. हवा तासाभरात तापते, पण खालची फरशी आणि तूस तापायला रात्र जाते, आणि पिलं उभी तर त्यावरच राहणार.

थर्मामीटर थेट बल्बाखाली ठेवायचा नाही. छत्रीच्या कडेखाली, गादीपासून दोन इंच वर, म्हणजे पिलाच्या पाठीच्या उंचीला टांगा. तिथे ३५ अंश सेल्सिअस, म्हणजे ९५ फॅरेनहाइट हवं. दुसरा थर्मामीटर कड्याजवळ लावा. तिथे पाच-सहा अंशांनी कमी दिसलं तर उत्तम. आणि ही तपासणी दुपारी करू नका. पहाटे चारला उठून बघा. दुपारी ३५ दाखवणारं ब्रूडर पहाटे २४ दाखवत असेल तर छत्री खाली घ्या, खिडकीला बारदान लावा, कड्यावर अर्ध्या भागात बारदान टाका. पूर्ण झाकायचं नाही, आत वाफ धरते. बारदान छत्रीच्या पत्र्याला किंवा बल्बाला टेकणार नाही हे दोनदा बघा.

डिजिटल थर्मोस्टॅट लावता येतो आणि चांगला चालतो, पण वीज सारखी ये-जा करत असेल तर त्याच्या भरवशावर झोपू नका.

पिलं आली

प्रवासाने पिलं तहानलेली असतात. आधी पाणी, दोन-तीन तासांनी दाणा. पाणी कोमट असावं, लिटरमागे मूठभर गूळ किंवा दुकानातली इलेक्ट्रोलाइट पावडर पुडीवर लिहिलेल्या प्रमाणात. खोक्यातून काढताना प्रत्येक पिलाची चोच एकदा पाण्यात बुडवून सोडा. दहा-बारा पिलांना समजलं की बाकीची बघून पितात. भांडं उथळ हवं, किंवा त्यात स्वच्छ गोटे टाका, नाहीतर पिलं भिजतात आणि भिजलेलं पिलू थंडीने जातं. फवारणीच्या औषधाचा डबा कितीही धुतला तरी पाण्यासाठी वापरू नका.

पहिल्या दिवशी मक्याची बारीक भरड पेपरवरच विखरून टाका. टकटक आवाज होतो, पिलं आवाजाकडे जातात. दुसऱ्या दिवसापासून चिक स्टार्टर, म्हणजे लहान पिलांचं तयार खाद्य. पहिल्या आठवड्यात ५० पिलांना दिवसाला अर्धा किलोच्या आसपास खाद्य लागतं. पेपर रोज वरचा एक काढायचा, चौथ्या दिवशी संपवायचे. घरात सरकीची ढेप असते म्हणून ती पिलांना घालू नका. तिच्यातलं गॉसिपॉल गुरं पचवतात, पिलांना ते चालत नाही. अंड्याच्या कोंबडीचं खाद्यही नको, त्यात कॅल्शियम फार असतं. पेरणीतून उरलेलं रंगीत बियाणं तर दाण्याजवळही ठेवू नका, त्याला औषध चोळलेलं असतं.

संध्याकाळी पाच-सहा पिलं हातात घेऊन गळ्याखालची थैली चाचपा. भरलेली आणि मऊ लागली पाहिजे. रिकामी असेल तर पिलाला दाणा सापडलेला नाही. कडक असेल तर पाणी सापडलेलं नाही. तेव्हाच पिलाचे पाय स्वतःच्या गालाला लावून बघा. पाय गार लागले तर गादी गार आहे, वरचा थर्मामीटर काहीही म्हणो. शेपटीखाली घाण चिकटून वाळली असेल तर कोमट पाण्याच्या बोळ्याने पुसा, ओढू नका. ती वाट बंद झाली की पिलू दोन दिवसांत जातं.

पिलं काय सांगतात

आवाज न करता, दिवा डोळ्यांवर न मारता, खोलीच्या दारातून बघायला शिका. पिलं छत्रीखाली सारखी पसरलेली, काही दाण्यावर, काही पाण्यावर, काही पाय लांब करून झोपलेली आणि बारीक कुजबुज चालू, म्हणजे सगळं ठीक. बल्बाखाली एकमेकांवर चढून गोळा आणि मोठ्याने चिवचिवाट, म्हणजे थंडी. पत्र्याला चिकटून, पंख पसरून, चोची उघड्या, आवाज नाही, म्हणजे ताप जास्त. सगळी एकाच बाजूला सरकलेली असतील तर दुसऱ्या बाजूने वारा येतोय. तिथे हात धरून बघा, फट सापडेलच. थर्मामीटर आणि पिलं यांचं म्हणणं वेगळं निघालं तर पिलांचं ऐका.

दर आठवड्याला साधारण तीन अंश कमी करायचे: पहिला आठवडा ३५, दुसरा ३२, तिसरा २९, चौथा २६. छत्री साखळीच्या एक-दोन कड्या वर घेऊन किंवा दोन बल्ब बंद करून हे होतं. आपल्याकडे याला एक पुरवणी जोडावी लागते, कारण दिवस आणि रात्र यांचा आठवडा सारखा चालत नाही. जानेवारीत दुसऱ्या आठवड्यापासून सकाळी दहा ते संध्याकाळी पाच दोनच बल्ब पुरतात, कधी एकही लागत नाही. रात्री मात्र चारही.

वीज गेली तर

इन्व्हर्टर असेल तर दोनच बल्ब त्यावर घ्या. नसेल तर पाच-पाच लिटरच्या दोन-तीन कॅनमध्ये कडकडीत गरम पाणी भरून, बारदानात गुंडाळून छत्रीखाली ठेवा, घेर लहान करा, वरून बारदान टाका आणि एका बाजूला वीतभर फट सोडा. तीन-चार तास निघतात. चूल पेटवायला लाकूड कायम तयार असू द्या. कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवण्याची जुनी पद्धत अजून दिसते. ती नको. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पिलं जातातच, राखायला झोपलेला माणूसही जातो.

उन्हाळ्यात आणलीच असतील

एप्रिल-मे महिन्यात दुपारी खोलीच ४० ला असते. तेव्हा बल्ब पूर्ण बंद, घेर पहिल्या दिवसापासून पंधरा फूट, पेपर लवकर काढलेले आणि पाण्याची भांडी दोनाऐवजी चार. पाणी माठातलं द्या आणि दर दोन तासांनी बदला, नाहीतर ते तापतं आणि पिलं पीत नाहीत. खिडकीला ओलं बारदान लावा, पण समोरची खिडकी उघडी हवी. नुसती ओल साठली तर आणखी जीव घाबरतो. पत्र्याच्या छताखाली तर ठेवूच नका, स्लॅब किंवा धाब्याचं घर बघा. रात्री दोननंतर एक-दोन बल्ब लागतात, ते विसरू नका. मुंग्यांसाठी भांड्यांखाली पाण्याची ताटली ठेवा.

लस आणि पाहुणे

मानमोडीची (राणीखेत रोगाची) लासोटा लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात थेंब टाकून, गंबोरो रोगाची चौदाव्या दिवसाच्या आसपास. तारीख तुमच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून पक्की करा. मरेक्स रोगाची लस हॅचरीतच पहिल्या दिवशी देतात, पिलं घेतानाच ती दिली का ते विचारून घ्या. लस बर्फात आणा आणि ती संध्याकाळी थंड वेळी द्या.

नवापुरात फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातला पहिला बर्ड फ्लू निघाला आणि २०२१ मध्ये तिथे तो पुन्हा आला. मोठ्या फार्मवाल्यांचं सोडा, घरच्या ५० पिलांसाठीही दाराशी चुन्याची पट्टी, आत जायची वेगळी चप्पल आणि बाजारातून आणलेली कोंबडी निदान पंधरा दिवस लांब, एवढं पाळाच. पिलं बघायला येणारे बरेच असतात, विशेषतः लहान पोरं. त्यांना दारातूनच दाखवा.

कडं काढताना

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी पंखांवर पिसं दिसली की थंडी नसेल तर कडं काढा, छत्री आठवडाभर रात्रीपुरती राहू द्या. सगळी पिलं सलग तीन रात्री छत्रीखाली न जाता बाहेरच बसली की बल्ब बंद करायला हरकत नाही. थंडीत हे पाचव्या आठवड्यापर्यंत लांबतं. गादी रोज हाताने उलथापालथ करा, ओला गठ्ठा दिसेल तो उचलून कोरडं तूस टाका. डोळे चुरचुरण्याइतका अमोनियाचा वास आला म्हणजे तुम्हाला उशीर झाला आहे. लॉट मोकळा झाल्यावर पत्रे आणि छत्री घासून, उन्हात तापवून, बल्ब कागदात गुंडाळून ठेवा. गादीचं तूस शेताला उत्तम, पण ताजं टाकलं तर झाडाची मुळं जाळतं. उकिरड्यावर दोन-तीन महिने कुजू द्या, मग केळीला घाला.